जुन्या बँकशाखेचा इतिहास: दफ्तर, तिजोरी आणि माणसे

मुंबईच्या फोर्ट भागातील, लवकरच शंभरी गाठणाऱ्या एका बँकशाखेचा इतिहास लिहिण्याचे काम आपल्याकडे आले आहे. हाताशी व्यवस्थापकांच्या नावांचा फलक, समारंभांची काही छायाचित्रे आणि मुख्य कार्यालयाने पाठवलेले छोटे टिपण एवढेच आहे, आणि एवढ्या सामग्रीवरून तिथल्या कर्मचाऱ्यांचा इतिहास कसा उभा करावा, असे आपण विचारले आहे. मी बँकेत कारकून म्हणून लागलो, अधिकारी म्हणून निवृत्त झालो आणि त्यानंतर काही जुन्या शाखांची दफ्तरे लावून त्यांचे इतिहास लिहिण्याचे काम केले. त्या अनुभवावरून माझे ठाम मत असे आहे की शाखेचा इतिहास तिथल्या कामाच्या रीतीवरून लिहावा. व्यवस्थापक दोन-तीन वर्षांनी बदलून जातात आणि त्यांची यादी फलकावर असतेच. लेजर (खातेदारांच्या हिशेबाची वही) कोण लिहीत होते, तिजोरीची दुसरी चावी कोणाकडे असे, व्हाउचर (प्रत्येक व्यवहाराचा पुरावा-कागद) कोण शिवून ठेवत असे, एवढे कळले की ज्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत ती माणसे कागदातून पुढे येऊ लागतात.

पार्श्वभूमीचे प्रकरण लांबवू नये. बँक ऑफ बॉम्बे १८४० मध्ये सुरू झाली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात मुंबईत कापसाचा पैसा ओतला गेला, १८६५ मध्ये शेअरबाजार कोसळला, त्या तडाख्यातून ही बँक सावरली नाही आणि १८६८ मध्ये त्याच नावाने नवी बँक उभी करावी लागली. २७ जानेवारी १९२१ रोजी बंगाल, मुंबई आणि मद्रास या तीन इलाख्यांच्या बँका एकत्र होऊन इम्पीरियल बँक झाली आणि १ जुलै १९५५ रोजी तिची स्टेट बँक झाली. भारतीय भांडवलाच्या बँकांत बँक ऑफ इंडिया १९०६ ची, सेंट्रल बँक १९११ ची, तर बँक ऑफ महाराष्ट्र पुण्यात १९३५ मध्ये नोंदली जाऊन पुढच्या वर्षी कामाला लागली. १९१३ पासूनच्या पडझडीत मुंबईची इंडियन स्पेसी बँक बुडाली, ही घटना मात्र आपल्या शाखेच्या संदर्भात जरूर मांडावी, कारण त्यानंतरच्या दशकात उघडलेल्या शाखांना ठेवीदाराचा गेलेला विश्वास परत मिळवायचा होता. सेंट्रल बँकेने १९२१ मध्ये घरी ठेवायच्या बचतपेट्या दिल्या आणि १९२४ मध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग काढला, तो याच काळातला. आपल्या शाखेने त्या वर्षांत कोणते खातेदार जोडले, हे या चौकटीत पाहिले तर त्याला अर्थ येतो.

शोध सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात, नाहीतर समोर असलेला कागदही दिसत नाही. पहिली म्हणजे, जुन्या पत्रव्यवहारात शाखेच्या प्रमुखाला ‘मॅनेजर’ न म्हणता ‘एजंट’ म्हटलेले असते आणि त्याच्या हाताखालचा तो ‘सब-एजंट’. विमा एजंट किंवा दलाल समजून अशी पत्रे बाजूला टाकलेली मी पाहिली आहेत. दुसरी म्हणजे, फोर्टमधले रस्ते तेच आहेत पण नावे बदलली आहेत: हॉर्नबी रोड आता दादाभाई नौरोजी मार्ग आहे, एस्प्लनेड रोड महात्मा गांधी मार्ग, चर्चगेट स्ट्रीट वीर नरिमन मार्ग, अपोलो स्ट्रीट मुंबई समाचार मार्ग आणि एल्फिन्स्टन सर्कल हॉर्निमन सर्कल. शाखा ‘दुसऱ्या जागेत होती’ असे जे आपल्याला वाटते, ती पुष्कळदा त्याच इमारतीत, जुन्या पत्त्यावर असते.

आता कागदांकडे येऊ. बँकांनी नोंदी किती काळ जपाव्यात याचे नियम १९८५ मध्ये झाले आणि त्यांनुसार काही नोंदवह्या किमान पाच वर्षे, तर लेजरसारख्या वह्या किमान आठ वर्षे ठेवाव्या लागतात. त्यानंतर नष्ट करण्यास मुभा असते. म्हणून १९३० किंवा १९५० चे लेजर आज सापडेलच असे धरून चालू नये. सापडले तर ते माळ्यावर, जिन्याखाली किंवा लॉकरच्या खोलीमागच्या रेकॉर्ड रूममध्ये, कोणाच्या तरी जिव्हाळ्यामुळे राहिलेले असते. मात्र काही वह्या सहसा टाकल्या जात नाहीत आणि इतिहासकाराला त्याच अधिक उपयोगी पडतात. त्यांत डेड स्टॉक रजिस्टर मी सर्वांत वर ठेवतो. प्रत्येक खुर्ची, पंखा, घड्याळ, टंकयंत्र, लोखंडी कपाट आणि पैसे घेण्यासाठी खातेदाराला देण्याच्या पितळी टोकनांचा संच त्यात खरेदीच्या तारखेसह आणि किमतीसह नोंदलेला असतो. काउंटरवर जाळी कधी लागली, पहिला बेरजेचा यंत्रसंच कधी आला, स्त्री कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र खोलीचे सामान कोणत्या वर्षी घेतले, हे सगळे तिथे एका ओळीत कळते. शाखेत पहिली स्त्री कधी रुजू झाली हे नेमणुकीच्या कागदांतून सापडले नाही, तर अशा एका कपाटाच्या किंवा आरशाच्या नोंदीने वर्ष निश्चित करता येते.

त्याच्या जोडीला जागेचा भाडेकरार, मुख्य कार्यालयाकडील शाखा-फाइल, तपासनिसांचे अहवाल, चाव्यांचे रजिस्टर आणि मस्टर (हजेरीपट) मागून घ्यावेत. तपासणी अहवाल मी मुद्दाम शेवटपर्यंत वाचतो, कारण शेवटच्या पानांवर ‘दफ्तरी आजारी असल्याने व्हाउचर दोन महिने शिवलेली नाहीत’ अशा धर्तीचे शेरे असतात, आणि दफ्तरीसारख्या, म्हणजे कागद शिवून रचून ठेवणाऱ्या, शिपाईवर्गातील माणसाचा अधिकृत कागदावर होणारा उल्लेख बहुधा एवढाच असतो. बँकेचे स्वतःचे अभिलेखागार असेल तर तिथे, आणि नसेल तर पुण्यातील रिझर्व्ह बँकेच्या अभिलेखागारात चौकशी करावी. शाखा परवान्यासंबंधीचा आणि विलीनीकरणाचा पत्रव्यवहार तिथे मिळण्याची शक्यता असते. शाखा मूळची दुसऱ्या एखाद्या छोट्या बँकेची असेल, तर हे विशेष महत्त्वाचे आहे. १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्यावर अनेक लहान बँका मोठ्या बँकांत विलीन करण्यात आल्या, आणि त्या विलीनीकरणात आलेल्या कर्मचाऱ्यांची ज्येष्ठता कशी धरायची हा प्रश्न पुढे अनेक वर्षे धुमसत राहिला.

कर्मचाऱ्यांविषयी लिहिताना कॅश विभागापासून सुरुवात करावी असे मी सुचवीन. चांदीचा रुपया चलनात होता तोवर प्रत्येक नाणे खरे की खोटे हे ओळखणारा श्रॉफ ही शाखेची गरज होती. दगडी फरशीवर नाणे वाजवून त्याच्या नादावरून तो निर्णय देई. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला, तेव्हा त्याच्या कौशल्याची ही बाजू संपली. पण विभागाची रचना तशीच राहिली. अनेक बँकांत कॅश विभाग खजांचीच्या किंवा हेड कॅशियरच्या हमीवर चाले: त्याने बँकेकडे अनामत ठेवायची, हाताखालची माणसे त्याने सुचवायची आणि त्यांच्या हातून तूट आली तर भरपाई त्याने करायची. साहजिकच तो आपल्या नात्यातली, गावातली, ओळखीच्या घरातली माणसे आणी. जुन्या मस्टरमध्ये कॅश विभागात एकाच आडनावाची किंवा एकाच तालुक्यातली चार-पाच माणसे दिसली, तर त्यामागे ही व्यवस्था असते. ती वशिलेबाजी म्हणून निकालात काढू नये, जोखीम ज्याच्या डोक्यावर त्याच्याच हाती निवड, असा तो करार होता. या पद्धतीमुळे काही कॅशियर बँकेच्या नेमणूक पुस्तकात आढळत नाहीत, त्यांची नावे हमीपत्रांत शोधावी लागतात.

चाव्यांचे रजिस्टर याच विभागाचे. तिजोरी आणि स्ट्राँग रूम नेहमी दुहेरी ताब्यात असते: एक चावी हेड कॅशियरकडे, दुसरी अकाउंटंटकडे किंवा एजंटकडे, आणि दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. चावी हाती बदलली की तारीख, वेळ आणि दोन्ही सह्या. कोण कधी रजेवर गेले, कोणावर अचानक जबाबदारी आली, संपाच्या किंवा हरताळाच्या दिवशी शाखा उघडली की नाही, हे या रजिस्टरवरून तारीखवार लावता येते. १४ एप्रिल १९४४ च्या गोदीतील स्फोटानंतरचे दिवस त्यात आवर्जून पाहावेत, आणि शाखेने मालतारणावर कर्जे दिली असतील तर त्या वर्षीची गोदामांची कागदपत्रेही. जळालेल्या मालाचा हिशेब लावण्यात गोडाऊन कीपरने घालवलेले महिने कोणत्याही वर्धापनदिनाच्या पुस्तिकेत आलेले नसतात. त्याचप्रमाणे जानेवारी १९४६ आणि जानेवारी १९७८ या दोन नोटबंद्यांच्या आठवड्यांतील पाने काढावीत. पहिल्या वेळी पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या, दुसऱ्या वेळी हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या. अशा नोटा बाळगणारे खातेदार फोर्टमध्ये इतर भागांपेक्षा अधिक असत, त्यामुळे तिथल्या कॅशियरवर त्या दिवसांत काय ताण आला असेल हे चावी परत करण्याच्या वेळांवरूनही दिसते.

लेजरविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण कारकुनाचे आयुष्य त्यातच गेले. प्रत्येक लेजर-कीपरचे हस्ताक्षर वेगळे आणि पानावरील प्रत्येक नोंदीपुढे तपासणाऱ्याची आद्याक्षरी सही. सह्यांच्या नमुन्यांच्या पुस्तिकेशी ती आद्याक्षरे ताडून पाहिली की ते लेजर कोणाच्या हाताखाली होते याची मालिका तयार होते. ३१ मार्च १९५७ पर्यंतच्या पानांवर रुपये, आणे आणि पै असे तीन रकाने दिसतील, कारण दशमान नाणेपद्धती १ एप्रिल १९५७ पासून आली. बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया अशी लांबलचक बेरीज कारकून तोंडी करीत, आणि चांगल्या लेजर-कीपरची ख्याती त्या बेरजेवर ठरे. महिन्याच्या बॅलन्सिंगला सर्व खात्यांच्या शिल्लका जॉटिंगमध्ये (शिल्लकांच्या यादीत) उतरवून जनरल लेजरशी (शाखेच्या एकत्रित हिशेबाच्या वहीशी) जुळवायच्या, आणि फरक आला की शोधायला बसायचे. फरकाला नऊने भाग जात असेल तर बहुधा कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असते, म्हणजे ५४ चे ४५ लिहिले गेलेले असते. फरक सम असेल तर त्याच्या निम्मी रक्कम शोधायची, कारण ती नावेऐवजी जमेला किंवा जमेऐवजी नावे पडलेली असू शकते. नऊचा हा ठोकताळा आणे-पैच्या काळात फक्त रुपयांच्या रकान्यापुरताच चाले, त्यामुळे त्या पिढीला प्रत्येक व्हाउचर पुन्हा वाचून काढणे, म्हणजे ‘कॉलिंग’, यापासून सुटका नव्हती: एकाने व्हाउचर वाचायचे, दुसऱ्याने लेजरवर बोट ठेवून टिकमार्क करायचा. जुन्या लेजरवर दोन वेगळ्या शाईंतले टिकमार्क दिसले तर समजावे की फरक पहिल्या वाचनात सापडला नव्हता.

वार्षिक हिशेब १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ३१ डिसेंबरला बंद होत. त्या रात्री सगळी शाखा थांबे, व्याजाची बेरीज, नफा-तोट्याची जुळणी आणि मुख्य कार्यालयाला कळवायची तार असे काम पहाटेपर्यंत चाले. आमच्या शाखेत फरक सापडला की ज्याने तो शोधला त्याचे नाव हेड कॅशियर मोठ्याने पुकारीत, आणि कोणत्या बाकावर कोण बसले होते हे त्या रात्रींमुळे निवृत्तांच्या पक्के स्मरणात राहते. मुलाखती घेताना म्हणूनच ‘आठवणी सांगा’ असे विचारू नये. त्याने उत्तर सत्कारातल्या भाषणासारखे येते. ‘क्लोजिंगच्या रात्री तुमच्याकडे कोणते लेजर असे?’, ‘सकाळी आल्यावर पहिली वही कोणती उघडत होता?’, ‘टोकन हरवले तर काय करत होता?’ असे विचारले की माणसे, जागा आणि भांडणेसुद्धा क्रमाने निघतात. जमल्यास हातात जुने टोकन किंवा लेजरचे पान द्यावे.

सह्यांच्या नमुन्याची कार्डे अजून असतील तर ती पाहण्याची परवानगी जरूर मागावी. मी पाहिलेल्या एका जुन्या संचात मोडीतल्या सह्या होत्या, गुजराती आणि उर्दू सह्या होत्या, आणि अंगठे उठवलेल्या कार्डांवर कारकुनाने बाजूला ‘डाव्या भुवईवर व्रण’, ‘कान टोचलेले’ अशा खुणा लिहिल्या होत्या. खातेदाराचे छायाचित्र घेण्याची रूढी पडण्यापूर्वी माणूस ओळखण्याची जबाबदारी काउंटरवरच्या कारकुनाच्या नजरेवर होती, आणि मोडी वाचता येणारा एखादा वृद्ध कारकून शाखेला का लागत असे हे त्या कार्डांवरून उमगते.

पगार आणि हक्कांचा भाग तारखांच्या आधारे लिहावा, कारण निवृत्तांच्या बोलण्यात ‘शास्त्री अवॉर्ड’, ‘देसाई अवॉर्ड’ हे शब्द वर्षांऐवजी वापरले जातात. अखिल भारतीय बँक कर्मचारी संघटना एप्रिल १९४६ मध्ये स्थापन झाली. बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनाच्या वादासाठी नेमलेल्या सेन लवादाचा १९५० चा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये रद्द केला, शास्त्री लवादाचा निवाडा १९५३ मध्ये आला, आणि पुढे त्यावरील अपिलाचा निर्णय सरकारने बदलला म्हणून केंद्रीय श्रममंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी १९५४ मध्ये राजीनामा दिला. त्यानंतर नेमलेल्या आयोगाचे काम न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी पूर्ण केले. देसाई निवाडा १९६२ चा आणि बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यातील पहिला द्विपक्षीय करार १९ ऑक्टोबर १९६६ चा. या निवाड्यांतील विशेष भत्त्यांच्या याद्या आपण मिळवून वाचाव्यात, असा माझा आग्रह आहे. हेड कॅशियर, गोडाऊन कीपर, कॉम्प्टोमीटर (बेरजेचे यंत्र) चालवणारा कॉम्प्टिस्ट, टेलिफोन ऑपरेटर, बिल कलेक्टर, दफ्तरी, हेड शिपाई अशी जी पदे तिथे आहेत, तीच त्या काळच्या शाखेतील कामाची विभागणी होय. यादी समोर ठेवून ‘आपल्याकडे हे काम कोण करत असे?’ असे प्रत्येक निवृत्ताला विचारले, तर महिनाभरात शाखेचा जुना नकाशा भरून निघतो.

शिपाई, दफ्तरी, हमाल आणि रखवालदार यांच्याविषयी वेगळे प्रयत्न करावे लागतील. मुंबईतील या वर्गात कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसे पुष्कळ होती, आणि शाखेच्या कागदांपेक्षा त्यांच्या गावच्या मुंबईतील मंडळात त्यांचा माग लवकर लागतो. दफ्तरी रोजची व्हाउचर सुई-दोऱ्याने शिवून, तारखेची पट्टी लावून रचून ठेवी. न्यायालयात एखादे जुने व्हाउचर हजर करायचे झाले तर अधिकारी त्याच्याकडेच येत. क्लिअरिंगचे, म्हणजे इतर बँकांवरच्या धनादेशांचे, गाठोडे वेळेत पोहोचवणारा शिपाई उशिरा पोहोचला तर शाखेचे धनादेश त्या दिवशी वटणार नाहीत, एवढे त्याच्या पायांवर अवलंबून असे. मुंबईत यंत्राने वाचता येणाऱ्या धनादेशांचे क्लिअरिंग १९८६ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून या कामाचे स्वरूप बदलले. पुढे धनादेशाच्या प्रतिमा पाठवण्याची पद्धत आल्यावर ते गाठोडेही संपले.

राष्ट्रीयीकरणाविषयी (१९ जुलै १९६९ रोजी चौदा बँका, १५ एप्रिल १९८० रोजी आणखी सहा) भरपूर लिहिले गेले आहे, आपण फक्त शाखेत काय पालटले ते पाहावे: स्पर्धा परीक्षेने आलेली तरुण मुले-मुली, पिल्लई समितीच्या शिफारशींनंतर १९७९ मध्ये अधिकाऱ्यांच्या श्रेणींची झालेली नवी मांडणी, आणि आयुष्यभर एकाच शाखेत राहणाऱ्या कारकुनाच्या डोक्यावरून वारंवार बदलणारे अधिकारी. संगणकाच्या बाबतीत ८ सप्टेंबर १९८३ च्या कराराचा उल्लेख हवा, कारण त्याने लेजर-पोस्टिंग यंत्रांना मर्यादित वाट दिली. त्या वर्षांतील विरोध नोकरी जाण्याच्या भीतीचा होता आणि तो तसाच, त्या माणसांच्या शब्दांत नोंदवावा. २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सरकारी बँकांतून सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले आणि हाताने लेजर लिहिलेल्या पिढीचा मोठा भाग एकदम गेला. आज त्यांतील सर्वांत तरुण माणसेही वृद्ध आहेत, म्हणून कागदांचे काम थोडे मागे राहिले तरी चालेल, मुलाखती आधी घ्याव्यात.

शेवटी मर्यादांविषयी. बँक कर्मचाऱ्याने निष्ठा आणि गोपनीयतेचे जे प्रतिज्ञापत्र सही केलेले असते, त्याला राष्ट्रीयीकृत बँकांच्या १९७० च्या कायद्याच्या कलम १३ चा आधार आहे. लेजरमध्ये एखाद्या प्रसिद्ध खातेदाराची शिल्लक सापडली तरी ती छापू नये, ती माहिती आधीच सार्वजनिक असेल तरच वापरावी आणि तेव्हाही बँकेची लेखी परवानगी घ्यावी. शिस्तभंगाच्या प्रकरणांत नावे गाळून केवळ पद्धतीत काय बदल झाला तेवढे लिहावे, कारण त्या माणसाची नातवंडे हे पुस्तक वाचणार आहेत. भविष्यनिर्वाह निधीच्या वारस-नोंदींत कुटुंबाची माहिती असते, ती फक्त व्यक्ती ओळखण्यासाठी वापरावी.

पुस्तकाच्या परिशिष्टात शाखेत काम केलेल्या सर्वांची एकच यादी द्यावी, अधिकारी, कारकून आणि शिपाई अशा तीन वेगळ्या याद्या करू नयेत. नाव, शाखेत असल्याची वर्षे आणि सांभाळलेले काम एवढे रकाने पुरेत. क्रम आडनावाच्या अकारविल्ह्याने असावा, आणि जिथे मस्टरमध्ये केवळ ‘गोविंद शिपाई’ एवढीच नोंद आहे तिथे ती तशीच ठेवून पूर्ण नावासाठी जागा मोकळी सोडावी. पुस्तकाची कच्ची प्रत निवृत्तांच्या मेळाव्यात फिरवली की त्या मोकळ्या जागा भरणारे कोणी ना कोणी भेटते, असा माझा अनुभव आहे. त्यासाठी छपाईपूर्वी निदान तीन महिने हाताशी ठेवावेत.